परब भाऊजींचा कॅमेरा

परब भाऊजी फोटो काढताना झूम करत नाहीत, चालत येतात. त्यांच्या डिजिटल कॅमेऱ्याचं झूम फार पूर्वीच अडकलं. तेव्हापासून जवळचा फोटो हवा असेल तर ते पुढे येतात, आणि सगळे मावायला हवे असतील तर मागे मागे जातात. "तुम्ही हलू नका, मी हलतो," हे त्यांचं वाक्य आमच्या बिल्डिंगमधली पोरं त्यांच्यासारखंच नाकात म्हणून दाखवतात. हलताना मागे काय आहे ते भाऊजी बघत नाहीत. साकपाळांच्या नातवाच्या बारशाला ते असेच सरकत सरकत गेले आणि घुगऱ्यांच्या परातीत बसले. उठले, मागून झटकलं, कॅमेऱ्यात बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "हां, आता मावले सगळे."

परळला आमची चाळ होती. ती पाडून आता टॉवर झाला. चाळीत आमच्या शेजारीच परबांची खोली. म्हातारी आई, भाऊजी, धाकटा भाऊ, त्याची बायको-मुलं, आणि गावाहून कामाला म्हणून आलेला कोणी ना कोणी कायमचा. आई गेली, भाऊ विरारला मोठं घर घेऊन गेला. भाऊजींनी लग्न केलं नाही. टॉवरमधल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते आता एकटे असतात.

त्यांची सगळी नोकरी एका औषध कंपनीच्या पॅकिंग खात्यात गेली. रिटायर झाले तरी हात तसेच राहिलेत. त्यांना प्रसादाचा लाडू दिला तरी ते तो आधी कागदात गुंडाळतात, मग पिशवीत घालतात, मग पिशवीला गाठ मारतात. कॅमेरा तर मोज्यात, मोजा प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी स्टीलच्या डब्यात असते. डब्यात अर्ध्यापर्यंत तांदूळ. "दमटपणा ओढून घेतो," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे फोटो काढायच्या आधी ते लेन्सवर फुंकर मारतात तेव्हा एखादा दाणा उडतो. एका साखरपुड्यात तो मुलीच्या होणाऱ्या सासूच्या अंगावर पडला. तिने अक्षता समजून कपाळाला लावला.

अलीकडे त्या कॅमेऱ्याच्या फोटोंत डाव्या कडेला जांभळा पट्टा यायला लागला होता. तिथे उभा राहिलेला माणूस चार दिवस तापात काढल्यासारखा दिसायचा. दुसरा कोणी असता तर वैतागला असता. भाऊजींनी त्यातून सोय काढली. ज्याच्याशी बिनसलं असेल त्याला ते डावीकडे उभं करायचे. आमचे खजिनदार वर्षभराच्या सगळ्या कार्यक्रमांत जांभळे आहेत.

मी सोसायटीची सेक्रेटरी. दिवसा ऑफिस, संध्याकाळी पंप, लिफ्ट आणि गळती. एखादी वस्तू दुरुस्त करायची की बदलायची, हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो आणि मी त्यावर फार वेळ घालवत नाही. त्यामुळे माघी गणपतीच्या आरतीनंतर भाऊजी तो स्टीलचा डबा घेऊन माझ्या दारात उभे राहिले तेव्हा मला पाच मिनिटांचं काम वाटलं.

"वहिनी, मेल्यान जीभ बाहेर काढल्यान ती आत घेणा नाय."

कॅमेऱ्याची लेन्स पुढे आली होती आणि तिथेच अडकली होती.

"तुम्ही सांगा आता. दुरुस्त करू की नवा घेऊ?"

"टाकून द्या."

"ते तिसरंच झालं."

"मोबाईल आहे ना तुमच्याकडे? त्यावर काढा की."

"मोबाईल बोलायला असतो," ते म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं.

शनिवारी मला दादरला जायचंच होतं, म्हणून त्यांना बरोबर घेतलं. एका जिन्याखाली कॅमेरे दुरुस्त करणारा बसतो. त्याने कॅमेरा उघडला आणि चिमट्याने एक दाणा बाहेर काढला.

"काका, ह्यात भात लावलेला काय?"

"कोलम आहे," भाऊजी म्हणाले.

लेन्स आतबाहेर करणारं चाक तुटलं होतं. "पार्ट येत नाही आता ह्याचा. बंद पडलेला सेम पीस आणा, त्याच्यातला काढून ह्याला बसवतो. झूमपण चालेल."

"झूमचं असू दे," भाऊजी म्हणाले. "पीस कुठे मिळेल?"

"लोकांच्या कपाटात. तुम्ही शोधा."

भाऊजींचा चेहरा खुलला. माझा नाही. मेलेल्या कॅमेऱ्यासाठी दुसरा मेलेला कॅमेरा शोधत हिंडणं मला परवडणारं नव्हतं. मी त्यांना तसंच पुढे एका मोठ्या दुकानात नेलं. काउंटरवरच्या मुलीने एक छान, हातात मावणारा कॅमेरा काढून दिला. भाऊजींनी तो उलटासुलटा करून बघितला, वजन घेतलं, खोक्यातला थर्माकोल कसा बसवलाय त्याचंही कौतुक केलं. माझ्या मते काम झालं होतं.

"आणि अंकल, हे बघा, इथे दाबलं की फोटो डायरेक्ट मोबाईलवर. तिथून ग्रुपवर. सगळ्यांना एकदम मिळतात."

भाऊजींनी कॅमेरा काउंटरवर ठेवला.

"न जाणारा आहे का?"

"म्हणजे?"

"फोटो आतच राहणारा. कुठे न जाणारा."

"अंकल, न जाणारा कशाला पाहिजे?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे.

"हे बंद करता येतं ना ग?" मी मुलीला विचारलं.

"येतं ना. ऑफ करायचं."

"मग लोक म्हणतील, ऑन करा," भाऊजी म्हणाले आणि डबा काखेत मारून बाहेर पडले.

परळपर्यंत ते "बघू" एवढंच म्हणत होते. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की पाडव्याचा कार्यक्रम जवळ आलाय, तुमचं बघून होईपर्यंत तो थांबणार नाही, यंदा फोटो पोरांच्या मोबाईलवर काढू. "चालेल," ते म्हणाले. मीटिंगमध्ये लोक "चालेल" म्हणतात तेव्हा मी पुढचा विषय घेते. तसाच घेतला.

पुढच्या आठवड्यात नवव्या मजल्यावरची गळती बघायला गेले होते. साकपाळ नवव्यावरच राहतात. मी लिफ्टची वाट बघत असताना त्यांचं दार उघडलं आणि आतून भाऊजी रुमालाने तोंड पुसत बाहेर आले. मागून साकपाळबाईंचा आवाज आला.

"भाऊजी, बारशाचे बाकीचे कधी?"

"प्रिंट येतायत, वहिनी. येतील तसे आणतो."

बारसं दिवाळीत झालं होतं. ते मूल आता पालथं पडायला लागलं होतं. भाऊजींचे फोटो फार सावकाश येतात ही बिल्डिंगची जुनी तक्रार. मी त्याचं खापर मनातल्या मनात प्रिंटवाल्यावर फोडलं होतं. भाऊजींच्या हातात एक पुडकं होतं, अर्थात दोन पिशव्यांत घातलेलं. पण पिशव्या पारदर्शक होत्या. वरच्या फोटोत साकपाळांचा नातू पाळण्यात होता, आणि खाली चांगली जाडजूड चळत होती.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच.

"भाऊजी, हे सगळे साकपाळांचेच ना?"

"हो."

"मग देऊन टाकायचे की एकदम."

त्यांनी वर मजल्यांच्या आकड्यांकडे बघितलं.

"चाळीत कसं, कुणाच्याही उंबऱ्यावर जाऊन बसलं तरी चालायचं," ते म्हणाले. "इथे बेल आहे. बेल वाजवली की आतून विचारतात, काय काम आहे. एकदम दिले तर पुढच्या वेळी काय सांगू?"

चौथा मजला आला. ते बाहेर पडले आणि दार बंद होता होता म्हणाले, "टाकी धुवायची नोटीस लावा, वहिनी. मागच्या वेळी उशिरा लागली होती."

घरी आल्यावर मी आधी टाकीची नोटीस टाइप केली. मग सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "ज्यांच्या कपाटात जुना डिजिटल कॅमेरा बंद अवस्थेत पडून आहे त्यांनी तो सेक्रेटरींकडे आणून द्यावा. कारण विचारू नये." रविवारपर्यंत माझ्या डायनिंग टेबलावर कॅमेऱ्यांचा ढीग झाला. कोणी त्याबरोबर बिघडलेला हेअर ड्रायरही देऊन गेलं, तो मी परत पाठवला. भाऊजींच्या कॅमेऱ्यासारखा ढिगात एकच निघाला आणि तो खजिनदारांचा होता. हे मी भाऊजींना मुद्दाम सांगितलं. पाडव्याच्या ग्रुप फोटोत त्यांनी खजिनदारांना स्वतः दंडाला धरून मधोमध उभं केलं. जिन्याखालच्या माणसाने चाक बसवून दिलं होतं. झूमही सुरू झालं होतं, पण भाऊजींनी ते वापरलं नाही.

ग्रुपवर मी आणखी एक सूचना टाकली. कार्यक्रमांचे फोटो ग्रुपवर मागू नयेत, प्रिंट घरपोच मिळतील, वेळ लागेल. पोरांनी कुरकुर केली. त्यांना म्हटलं, लेखी अर्ज द्या. पोरं अर्ज लिहीत नाहीत, हे मला माहीत होतं.

पाडव्यानंतर एका संध्याकाळी मी मेथी निवडत बसले होते. बेल वाजली. सेफ्टी डोअरच्या पलीकडे भाऊजी उभे होते. त्यांनी पिशवीची गाठ सोडली, आतला कागद उलगडला आणि जाळीतून एक फोटो आत सरकवला. गुढी पूर्ण आली होती, मी कोपरापर्यंत आले होते.

"बाकीचे येतायत," ते म्हणाले.

"सावकाश येऊ देत," मी म्हटलं आणि कडी काढली.

"नको नको, बसत नाही हां मी. नुसता फोटो द्यायला आलो," असं म्हणत त्यांनी चपला काढल्या.