पूर्व आवणीत या!

"मदुरैत माझे डोळे बांधून मला कुठंही सोडा," चोक्कलिंगम म्हणायचे, "नुसत्या वासावरून रस्ता सांगेन! वर त्या रस्त्यावर कुणाचं कुणाशी वाकडं आहे तेही सांगेन!"

यात खोटं फार थोडं होतं. छत्तीस वर्षं त्यांनी देवळाभोवतीच्या रस्त्यांवर टपाल वाटलं होतं. मदुरै शहरच मुळी पोस्टमनच्या सोयीने वसवल्यासारखं आहे. मधोमध मीनाक्षीचं देऊळ आणि त्याला धरून चौकोनात चौकोन बसवलेले रस्ते. देवळाच्या तटाच्या आत आडी, बाहेर चित्तिरै, मग आवणी, मग मासी. बाजूप्रमाणे आधी पूर्व, पश्चिम अशी दिशा, पण नावं सगळी तमिळ महिन्यांची! त्यामुळे महिन्याचं नाव काढलं की जगाला पंचांग आठवतं आणि मदुरैच्या माणसाला भांड्यांचं दुकान.

मदुरैच्या बाहेर मात्र चोक्कलिंगम फारसे कधी गेले नव्हते. बघण्यासारखं तिथे असणार तरी काय!

तर अशा माणसाच्या मुलीला, तेन्मोळीला, सेलमहून स्थळ सांगून आलं. तेन्मोळी शाळेत भूगोल शिकवायची. वय अठ्ठावीस. आजवर सात फोटो तिने आल्या पावली परत पाठवले होते. आठवा फोटो चार दिवस झाले तरी तिच्या वहीत होता!

"इतकं काय बघतेस गं त्यात?" आई अंगयर्कण्णीने विचारलं.

"मागे भिंतीवर नकाशा आहे. कुठला तालुका ते कळत नाहीये."

"आणि पुढे मुलगा आहे, तो?"

"तो आहे की तिथेच. कुठं जातोय!"

मुलगा इळंगो, सरकारी मोजणी खात्यात नोकरीला. सगळं जुळत होतं. अडचण एकच. बुधवारी आडी महिना लागत होता, आणि आडीत तमिळ माणूस शुभकार्याचं नावसुद्धा काढत नाही. मध्यस्थाने बजावलं होतं, "रविवारी बघण्याचा कार्यक्रम उरकून घ्या. इरोडचे लोक त्यांच्या मागे हात धुऊन लागलेत!"

गुरुवारी मुलाच्या वडिलांचा, पच्चमुत्तूंचा फोन आला. "रविवार चालेल ना?" त्यांनी विचारलं. पुढे त्यांनी "की आडी संपल्यावर बघायचं?" असंही विचारलं होतं, पण नेमकी तेव्हाच कुकरने शिट्टी दिली.

"चालेल, चालेल!" चोक्कलिंगम ओरडले. "आवणीत या! पूर्व आवणीत!"

"आवणीत? बरं. तुम्ही म्हणाल तसं," पच्चमुत्तू जरा पडेल आवाजात म्हणाले. फोन ठेवला.

आडीच्या पुढचा महिना आवणी. सेलमच्या आंब्याच्या व्यापाऱ्याने याचा दुसरा अर्थ लावायचा तरी कसा!

चोक्कलिंगमनी मात्र जय्यत तयारी केली. घरचा जिना अरुंद, म्हणून पूर्व आवणीत मेहुण्याच्या भांड्यांच्या दुकानावरचा हॉल घेतला. रात्री जागून चार पानं लिहून काढली आणि वर ठळक मथळा दिला, 'मदुरै शहर: एक धावती ओळख'.

"हे कशाला?" अंगयर्कण्णीने विचारलं.

"पाहुणे टेकले की वाचून दाखवणार. माणूस कुठं आलाय ते त्याला कळायला नको?"

"अहो, ते मुलगी बघायला येतायत, शहर नाही!"

रविवारी नऊ वाजता शिरा तयार, भजी तयार, तेन्मोळीच्या वेणीत हातभर मोगरा. दहा वाजले. अकरा वाजले. भज्यांनी मान टाकली. शेवटी चोक्कलिंगमनी फोन लावला.

"कुठवर आलात?"

"निघतोच आहोत," पच्चमुत्तू म्हणाले.

"अजून निघताय? आम्ही सकाळपासून आवणीत बसलोय!"

"कशात बसलाय?"

"आवणीत! पूर्व आवणीत!"

"अहो, आवणीला अजून महिना अवकाश आहे. अजून आडीसुद्धा लागली नाही."

"आडी नकोच. आडीत चपला काढून जावं लागतं."

पलीकडे पच्चमुत्तूंनी फोन कानापासून दूर धरून बघितला असावा. मग ते जपून, आजाऱ्याशी बोलावं तसं बोलले. "हे बघा, आवणीत या असं तुम्हीच म्हणालात. आम्ही आवणीत येतो. आज आम्ही इरोडला चाललोय."

"इरोडला?" चोक्कलिंगम खुर्चीतून उठलेच. "अहो, असं करू नका! आवणी सापडत नसेल तर मी मासीत उभा राहतो तुम्हाला घ्यायला!"

"मासीत? म्हणजे आणखी सात महिने मुलगी घरात ठेवायची?"

"सात महिने कसले? मासीतून आवणीत यायला पाच मिनिटं लागतात!"

"सहा महिने लागतात!"

"मी छत्तीस वर्षं पायी जातोय! रोज!"

"बरं, बरं," पच्चमुत्तूंना आता घाम फुटला होता. "आडीत शुभकार्य करत नाहीत, एवढं तरी मानता ना?"

"कोण म्हणतं करत नाहीत!" इथे चोक्कलिंगमच्यातला मदुरैकर उसळून आला. "आमच्या मीनाक्षीचं लग्न दर वर्षी आडीतच लागतं! चित्तिरैत, आडीत! आणि दुसऱ्या दिवशी रथ मासीतून फिरतो!"

फोन बंद झाला.

दहा मिनिटांनी मध्यस्थाचा आला. "काय बोललात हो तुम्ही? ते विचारतायत, हे तुमच्यापुरतंच आहे की घराण्यात आहे?"

तेन्मोळीने वहीतून फोटो काढला आणि वडिलांच्या पुढ्यात ठेवला. "परत पाठवून द्या, अप्पा," ती म्हणाली. "तालुका नाही कळला." ती रागावली असती तर बरं झालं असतं. आपल्या तोंडाने आपण पोरीचं जमत आलेलं मोडलं या विचाराने म्हाताऱ्याचा जीव अगदी चोळामोळा झाला. चार पानांची धावती ओळख त्यांनी घडी करून खिशात कोंबली.

तीन वाजता फोन वाजला. अनोळखी नंबर, मागे बसचा खडखडाट.

"मामा, मी इळंगो. एकच विचारायचंय. अप्पांशी बोलताना तुम्ही 'पूर्व आवणी' म्हणालात ना?"

"म्हणालो," चोक्कलिंगम घाबरत म्हणाले.

"तेच सकाळपासून डोक्यात घोळतंय. महिन्याला पूर्व-पश्चिम कुठून आली? दिशा जमिनीला असते! इरोडच्या गाडीत मी बसलोच नाही. आता दिंडिगुलला आहे. तासाभरात पोचतो. कुठं येऊ?"

"आवणीत!" चोक्कलिंगम गहिवरून म्हणाले. "नको, नको, थांब! रस्ता आहे तो, बाबा! रस्त्याचं नाव आहे!"

साडेचारला इळंगो आला. चोक्कलिंगमनी खिशातली चार पानं काढली, घसा साफ केला, पण त्यांच्याकडे बघतंय कोण! तेन्मोळीने ताटात मधोमध शिऱ्याची मूद घातली होती आणि भोवती भज्यांचे चौकोन मांडत होती.

"हे देऊळ. ही आडी, ही चित्तिरै, ही आवणी, ही मासी."

"चारच?" इळंगो ताटावर वाकला. "महिने तर बारा. बाकीचे आठ कुठं गेले?"

तेन्मोळीने वर बघितलं. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. "मलाही तेच कोडं आहे," ती म्हणाली.

"आणि चित्तिरैतला रथ मासीतून का फिरतो?"

"पूर्वी तो उत्सव मासी महिन्यात व्हायचा म्हणतात. पुढे महिना बदलला, रथाने रस्ता नाही बदलला."

"असं आहे होय!" हे चोक्कलिंगम ओरडले. छत्तीस वर्षं त्या रस्त्यावर टपाल वाटलं, पण असं का, हे त्यांनी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं!

"तुमच्या फोटोत मागे नकाशा कुठला?" तेन्मोळीने हळूच विचारलं.

"आत्तूर तालुका. उलटा लागलाय."

"तरीच!"

इळंगोने बोलता बोलता सगळी आवणी खाऊन टाकली होती. फोटो पुन्हा वहीत गेला. अंगयर्कण्णीने ते बघितलं आणि डोळ्याला पदर लावला.

इळंगो सातच्या बसने परत निघाला आणि आठला पच्चमुत्तूंचा फोन आला. "मुलाने फोनवर सगळं सांगितलं. तुम्हाला वेडं समजलो, माफ करा!"

"छे, छे! बाहेरच्याचं होतं असं."

"आता उशीर नको. आडीच्या आत बोलणी पक्की करू. उद्याच या! माझ्या धाकट्या भावाकडे सगळे जमतोय. मंगळवारात या. मंगळवारात कुणालाही माझं नाव सांगा!"

"येतो, येतो!" चोक्कलिंगमनी फोन ठेवला आणि धावत्या ओळखीच्या पाठीमागे मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मंगळवार'.

"कधी बोलावलंय?" अंगयर्कण्णीने विचारलं.

"मंगळवारी. 'उद्या' म्हणाले, पण उद्या तर सोमवार! दिवसभराच्या गोंधळाने डोकं फिरलंय बिचाऱ्यांचं. मी चूक काढली नाही. माणसाचं मन मोठं पाहिजे."

"मंगळवारी कुणी शुभ बोलणी करतं का?"

"त्यांच्याकडे करत असतील! त्यांनी आपली आडी सोसली, आपण त्यांचा मंगळवार सोसू."

सोमवारी सकाळी दहाला चोक्कलिंगम आरशासमोर दाढी करत बसले होते. एका गालाला साबण. गाणं गुणगुणत होते. फोन वाजला.

"कुठवर आलात?" पच्चमुत्तूंनी विचारलं.

"निघतोय की. उद्या पहाटेच्या बसने."

"उद्या? अहो, आम्ही सकाळपासून मंगळवारात बसलोय!"

"कशात बसलाय?"

"मंगळवारात!"

चोक्कलिंगमनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. सोमवार. व्याह्यांच्या घराण्याबद्दल एक प्रश्न त्यांच्या अगदी ओठांवर आला. तेवढ्यात कालची सगळी हकिगत डोळ्यांसमोरून सरकली आणि वस्तरा हातातच थांबला.

"तुमच्या सेलममध्ये," त्यांनी बारीक आवाजात विचारलं, "पेठांना वारांची नावं असतात का हो?"

"एका पेठेला आहे! मंगळवार पेठ! का?"

मागे अंगयर्कण्णीने पिशवी भरायला घेतली. तेन्मोळी भिंतीकडे तोंड करून हसत होती. चोक्कलिंगमनी साबणाचा गाल टॉवेलने पुसून टाकला. दुसरा तर झालाच होता.

"आलोच!" ते म्हणाले. "फक्त एवढं सांगा, मंगळवारात पूर्वेला यायचं की पश्चिमेला?"