साळवे सर कापूस होतात

साळवे सर ट्रॉलीत चढले तेव्हा बबनशेठनी अक्षरशः हात जोडले.

"सर, खाली उतरा. काय इचारायचं ते हापिसात बसून इचारा ना."

सर ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत, कापसाच्या ढिगावर मांडी घालून बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायात पॉलिश केलेले बूट. वरूनच म्हणाले, "शेठ, असं धरा की मी कापूस हाय. कापसाला कोन हापिसात बोलावतं का?"

शेठनी जोडलेले हात तसेच कपाळाला लावले. याकोब साळवे सरांपुढे भलेभले हात टेकतात.

आमची कंपनी नगरची, छोटीशीच. लहानमोठ्या कारखान्यांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही करून देतो. सर आधी शाळेत गणित शिकवायचे, निवृत्तीनंतर आमच्याकडे आले. गिऱ्हाइकाचा धंदा समजून घ्यायचा आणि आम्हाला समजावून सांगायचा, हे त्यांचं काम. बाकीचे लोक हे काम चार प्रश्न विचारून आणि दोन चहा पिऊन उरकतात. सर स्वतः माल होतात.

दूध डेअरीत ते दूध झाले होते. शीतगृहात जाऊन उभे राहिले आणि पुढचा आठवडाभर शिंकत होते. अंडी उबवण्याच्या केंद्रात ते अंडं झाले, आणि तिथून बाहेर येईनात. शिर्डीतल्या एका पेढेवाल्याकडे पेढा झाले होते, पण त्या दिवसाबद्दल सरही बोलत नाहीत आणि पेढेवालाही बोलत नाही.

बबनशेठची जिनिंग मिल शेवगावच्या बाजूला. शेतकऱ्याचा कापूस इथे येतो. यंत्रावर त्यातली सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते, आणि रुई दाबून तिच्या गाठी बांधतात. स्वतंत्रपणे माझ्यावर सोपवलेलं हे पहिलंच काम. शेठनी आधीच एका कंपनीला हाकलून दिलं होतं आणि आम्हाला सांगून ठेवलं होतं, "दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आत चाललं तर चाललं. न्हाईतर तुमचा कम्प्युटर तुमच्याच डिकीत."

निघताना आमचे साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "वैशाली, तेवढं सरांना जास्त कापूस होऊ देऊ नकोस."

कसं होऊ देणार नाही? सरांसकट ट्रॉली वजनकाट्यावर गेली. काट्यावरून ढिगापाशी गेली. तिथे कापसाबरोबर सरही खाली घसरले आणि कमरेइतके रुतले. ट्रॅक्टर रिकामी ट्रॉली घेऊन पुन्हा काट्याकडे गेला. मी हात दिला तर म्हणाले, "थांब पोरी. कापसाला कोनी हात देत न्हाई." मग जरा विचार करून, "बरं, आता दे. मुंग्या हायेत."

यंत्रं चालतात त्या शेडमध्ये कडूबाई नावाच्या एक दणकट बाई यंत्रात कापूस सारत होत्या. सर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"बाई, मी कापूस हाय. आता माझं काय होनार?"

कडूबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमची सरकी इकडं पडंल आन रुई तिकडं."

"दुखंल का?"

"मागं व्हा आधी. बाही गुतली तर समदंच कळंल." एवढं बोलून त्यांनी सरांचं मनगट धरलं आणि शाळेतल्या पोराला करावं तसं त्यांना भिंतीपाशी नेऊन उभं केलं. शेडमधल्या साऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. सर मात्र गंभीर होते. गाठी बांधतात तिथेही ते हात अंगाशी घट्ट धरून, श्वास रोखून उभे राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या.

मला हसूही येत होतं आणि धास्तीही वाटत होती, कारण शेठ हे सगळं गेटापासून बघत होते.

दुपारी आम्ही आमच्या सॉफ्टवेअरवर मिलचा आठवड्याचा हिशेब चालवून दाखवला आणि व्हायचं तेच झालं. जेवढा कापूस आत आला, तेवढी रुई आणि सरकी मिळून भरेना. ओलावा सुकतो, कचरा उडतो, थोडी घट येणारच. पण ही घट त्याहून जास्त होती.

शेठ उसळले. "दरवर्षी फिटरनं यंत्र नीट लावलं न्हाई, त्ये कापूस खातंय म्हनून मी त्याला शिव्या देतो. आता तुमचं सॉफ्टवेअरबी खाया लागलं? उचला! उद्या मला हे डबडं इथं दिसता कामा नये."

"शेठ, एकदा तपासून..."

"ताई, तुमच्यावर राग न्हाई. पन तुमी पोरी शिकलेल्या, आन संगती हे," त्यांनी सरांकडे बोट केलं, "हे कापूस!"

मी वायरी गोळा करायला लागले. साहेबांना काय सांगायचं, तेही मनातल्या मनात जुळवायला लागले होते.

सर खुर्चीत बसून कानातली रुई काढत होते. अगदी शांतपणे म्हणाले, "शेठ, मी ट्रॉलीत बसून काट्यावर गेल्तो ना?"

"गेल्ते की! आख्ख्या मिलनं बघितलं."

"मंग उतरलो कुठं?"

"ढिगापाशी."

"आन रिकामी ट्रॉली परत काट्यावर गेली, तवा मी कुठं हुतो?"

"ढिगात. मुंग्या झटकत."

"म्हंजी भरल्या वजनात मी हाय, रिकाम्या वजनात मी न्हाई." सरांनी कानातला पुंजका टेबलावर ठेवला. "शेठ, तुमी मला कापसाच्या भावानं इकत घेतलंत."

शेठ उठले, दारापाशी गेले आणि बाहेर बघायला लागले. मीही मागे गेले. गेटातून एक ट्रॉली आत येत होती. कापसावर एक आजी होती, तिची सून होती, सुनेच्या कडेवर मूल होतं, आणि शेजारी अत्यंत समाधानी चेहऱ्याची एक शेळी होती. कापूस विकायचा आणि तसंच बाजाराला जायचं, असा त्यांचा बेत असणार. त्यात कुणाच्या मनात काही पाप नव्हतं. वर्षानुवर्षं सगळी घरं अशीच यायची, काट्यावरून पुढे जायची आणि ढिगापाशी उतरायची.

"ओ आज्जी!" शेठ धावत सुटले. "उतरा! आधी खाली उतरा! शेळीबी उतरवा!"

"का रं? तिनं काय केलं?" आजी वरूनच भांडायला लागली.

संध्याकाळी शेठनी फिटरला ऑफिसात बोलावलं. तो बिचारा पुन्हा शिव्या खायच्या तयारीने आला. शेठनी त्याच्या हातात स्वतः चहाचा कप दिला. फिटर इतका घाबरला की चहा संपेपर्यंत उभाच राहिला.

दुसऱ्या दिवशी शेठनी कामावर सही केली, पण एका अटीवर. वजन घ्यायच्या आधी पडद्यावर मोठ्या अक्षरांत प्रश्न आला पाहिजे, 'वरची माणसं उतरली का?' मी तो घातला. शेठनी वाचला, मान हलवली आणि म्हणाले, "माणसं व जनावरं, असं करा."

परत येताना सरांना राहुरीला घरी सोडायचं ठरलं. आमच्यापैकी कुणीच त्यांचं घर पाहिलेलं नव्हतं. ते कुणाला बोलवत नसत. फोन आला की बाहेर जाऊन हळू आवाजात बोलत आणि पाचच्या ठोक्याला निघत. ऑफिसात आम्ही त्यांना चिक्कू म्हणायचो. त्या दिवशी मात्र गाडी थांबल्यावर ते घुटमळले आणि म्हणाले, "चहा घेतीस? काकूला तुझं नाव ठावं हाय."

दारातून आत पाऊल टाकलं आणि माझा गुडघा फाडकन एका लोखंडी पलंगावर आपटला. पलंग खोलीच्या मधोमध, चांगला तिरका टाकलेला. दारातून येणारा प्रत्येक माणूस तिथे आपटणारच.

पलंगावर सरांच्या पत्नी, रूथकाकू, उशीला टेकून बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. चेहऱ्याची एक बाजू हसली, दुसरी तशीच राहिली. त्यांची देखभाल करणाऱ्या मावशी निरोप घेऊन निघाल्या, त्याही सवयीने पलंगाला वळसा घालूनच.

"सर, पलंग असा का हो?" मी गुडघा चोळत विचारलं.

"आधी भितीला लावलेला हुता," सर चहाचं भांडं शोधत म्हणाले. "ही दिवसेंदिवस बोलंना, जेवंना. डॉक्टर म्हनले, औषध चालू ठेवा. मंग एका रविवारी मी हिला खुर्चीत बसवलं आन हिच्या जागेवर पडून राह्यलो. दिवसभर. तिथनं काय दिसतं सांगू? कपाट. फकस्त कपाट. मानूस किती येळ कपाट बघंल?"

काकूंचे ओठ हलले. शब्द एकेक करून, जड पावलांनी आल्यासारखे बाहेर आले.

"दिवसभर... घोरत... हुते."

"आगं, मधी जरा डोळा लागला!" सर लालेलाल झाले. "त्ये तपासायचं न्हाई व्हय, झोप कशी लागती?"

काकूंचं अर्धं हसू आता इतकं पसरलं की डोळ्यांतून पाणी आलं. सरांनी खांद्यावरच्या टॉवेलने ते टिपलं आणि चहात साखर घालायला विसरले. मी तसाच प्याले.

निघाले, फाटकापाशी आले आणि कडी लावायला वळले. तिथून थेट घराच्या आत दिसत होतं. वाटेत काही म्हणता काही आड येत नव्हतं. जास्वंदीची तेवढ्याच बाजूची फांदी छाटलेली होती, दाराचा पडदा एका अंगाला खिळ्याला अडकवलेला होता. आत, तिरक्या पलंगावर, काकूंनी डावा हात उचलला होता.

मीही हात हलवला. गाडीत बसले आणि फाटकासमोरून सरळ जाणाऱ्या रस्त्यावर, वळण येईपर्यंत, ती अगदी सावकाश चालवली.