बुडबुडा मध्यावर

सुताराने जुन्या मालवाहू व्हॅनचं घर करायला घेतलं. सात महिने रंधा गुणगुणला, भुसा केसांत फुलला, आणि पत्र्याच्या पोटात ओटा आला, खण आले, आडवी रुंद खाट आली. कुठे खिळा दिसेल तर शपथ!

बायको इस्पितळात नर्स. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिला सलग आठ दिवसांची रजा मिळाली होती, उद्यापासून. समुद्र दाखवायचं वचन लग्नातलं. वचन आणि समुद्र यांच्यामध्ये आता उरला होता फक्त वाहन तपासणीच्या साहेबांचा शिक्का.

"साहेबांसमोर फार बोलू नका हं," ती म्हणाली.

"मी कशाला बोलतोय? माझं काम बोलेल."

काम बोललं. साहेब घरी येऊन गाडीत मागच्या बाकावर बसले, गाडी गल्लीतून निघून सपाट रस्त्याला लागली, आणि पहिला खण आपणहून उघडला. मग दुसरा. चमचे निघाले, चमच्यांमागून बटाटे, बटाट्यांमागून झाकणं. सगळी वरात वाजतगाजत साहेबांच्या पायाशी.

"अहो, हे काय चाललंय?"

"पाय वर घ्या, साहेब, अजून कांदे यायचेत!" बायको खणांना पाठ लावून ओरडली.

साहेब उठून खणात डोकावले. नेमका सुताराने ब्रेक दाबला. खण धाडकन मिटले. एकात साहेबांचा टाय.

"बघा, बसले की नाही घट्ट!" सुतार पुढून आनंदाने म्हणाला.

"खण उघडा!"

"घाबरू नका, साहेब," बायको म्हणाली, "गाडी सुटली की तो आपोआप उघडतो."

उघडलाही.

तपासणीच्या आवारात साहेबांनी टाय सारखा केला. "फळ्यांची पातळी कशाने मोजली?"

"लेव्हल लावून!" सुताराची छाती फुगली. "एकूण एक फळी. बुडबुडा बरोब्बर मध्यावर."

"तेव्हा गाडी कुठे उभी होती?"

"आमच्या दारात."

"आमचं दार उतारावर आहे, साहेब," बायको हळूच म्हणाली. मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. "अहो, सात महिने! सात महिने तुम्ही गल्लीचा उतार भरून काढत होता!"

साहेब हसले नाहीत. दुरुस्ती होईपर्यंत गाडी आवाराबाहेर काढायची नाही, असा हुकूम झाला.

सुताराचा चेहरा पडला. "तुझा समुद्र गेला गं."

"समुद्र कुठे जातोय? माझी रजा जातेय. काढा हत्यारं."

पण आधी घटकाभर पाठ टेकू म्हणून दोघं खाटेवर आडवी झाली. खाटही मागे कललेली. तो मागच्या भिंतीला टेकला, ती घरंगळत त्याच्यावर.

"अगं, सरक ना तिकडे."

"कशी सरकू? तुम्हीच बांधलंय ना?"

तिसऱ्या दिवशी साहेब पुन्हा आले. खण गप्प, ओटा सरळ, झाकणं शहाणी. समाधानाने ते खाटेवर टेकले आणि सुर्रकन मागच्या भिंतीला जाऊन लागले.

"ही राहिली वाटतं?"

सुतार कानापर्यंत लाल. बायकोने खिडकीबाहेर बघत सांगितलं, "राहिली नाही, साहेब. ठेवलीय."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि कागदावर लिहिलं, 'खाट : प्रवाशांच्या पसंतीप्रमाणे.' खाली शिक्का मारला.

मग जरा घुटमळून, आवाज खाली आणून त्यांनी सुताराला विचारलं, "घरच्या पलंगाचं करता का हो असं काही?"