धाकलीचा फेज पुढच्या शिवेवर

सकाळी साडेसातला धाकली शिवेवरच्या दगडापाशी आली, तर टोपली गायब. टोपलीत तिचा फेज होता, म्हणजे प्रदर्शनासाठी केलेला एका विषाणूचा नमुना. आठवीतल्या या पोरीनं पंधरा दिवस खपून तो केला होता. बांबूच्या पट्ट्यांचं कोनाकोनाचं डोकं, मधे नळी, खाली सहा वाकडे पाय. अंगाला गेरू, वर तांदळाच्या पिठाचे ठिपके. घरी कोंबड्या ते पीठ टिपायच्या. कासा गावाला जाणारी जीप दगडापाशीच थांबते, म्हणून तिनं आदल्या संध्याकाळीच टोपली तिथं नेऊन फडक्यानं झाकून ठेवली होती.

अकरा वाजता कासाला विज्ञान प्रदर्शन. गेल्या वर्षी प्रदर्शनाच्या साहेबांनी शाळेचं नाव यादीतून कापलं होतं. "पाड्यातल्या पोरांना विषाणू काय कळणार?" या वर्षी शाळेच्या कविता मॅडमनी भांडून ते परत घालून घेतलं होतं. टेबल रिकामं राहिलं, तर साहेबांचं म्हणणं खरं ठरणार होतं.

मॅडम रघ्याच्या जीपमधून उतरल्या आणि दोघी पाड्यातल्या जाणत्या काकड्याकडे गेल्या.

"तो आम्ही पहाटेच नेला पुढं," काकड्या म्हणाला. "चार पोरांना जुलाब हायत पाड्यात. आणि शिवेवर हा लाल, सहा पायांचा. कोणीतरी त्यांचा रोग आपल्या दारात आणून टाकला ना!"

"काका, तो माझा होता!"

"तुझा? मग सांगायचं नाय? नारळ गेला माझा त्याच्यावर."

रीत जुनी आहे. गावात साथ आली की रोग टोपलीत घालायचा, शिवेबाहेर ठेवायचा, मागं वळून न बघता परतायचं. पुढचं गाव तो उचलून आणखी पुढं नेतं. यावर हसणाऱ्यांनी जरा थांबावं. कोरोनात शहरातल्या सोसायट्यांनी गेटला दोऱ्या बांधल्या, मोलकरणींना बाहेर उभं केलं, त्याला प्रतिबंधित क्षेत्र म्हणाले. काकड्यानं नारळ ठेवला की ती अंधश्रद्धा.

जीप पुढच्या पाड्यावर थांबली. तिथली माणसं म्हणाली, "नेला, नेला. आम्ही कशाला ठेवू? वर अंडं ठेवून नेला." त्याच्या पुढच्या गावात कळलं की तिथल्यांनी कुंकू वाहिलं आणि कोंबडीचं जिवंत पिल्लू बांधून टोपली कासाच्या बाजूला पोचवली.

"मॅडम," रघ्या स्टिअरिंगवर हात आपटत म्हणाला, "माझ्या जीपपेक्षा फास्ट चाललाय हा. आणि भाडं पण नाय."

धाकली हसली नाही. "मॅडम, तुम्हीच शिकवलं ना, विषाणूला स्वतःला चालता येत नाही?"

"हो."

"मग हा कसा चालला?"

"ते तूच शोध," मॅडम म्हणाल्या.

पावणेअकराला जीप प्रदर्शनाच्या फाटकाशी पोचली. तिथं गर्दी होती आणि गर्दीच्या मधोमध टोपली. शेवटच्या गावानं शीव म्हणून नेमकं तेच फाटक धरलं होतं. बाजाराला आलेल्या बाया लांबून बघत होत्या. शिपाई हात लावायला तयार नव्हता. साहेब, विज्ञानाचे पदवीधर, पंधरा पावलांवर उभे राहून ओरडत होते, "कोणाचं आहे हे? उचला! रस्त्यापलीकडे टाका!"

धाकली सरळ गेली आणि टोपली उचलली. "माझी आहे सर. टेबल कितवं?"

साहेबांनी कुंकू बघितलं, पिल्लू बघितलं. "आत जागा नाही. आणि ते आत आणायचंही नाही. परीक्षक इथं येतील."

परीक्षक आले नाहीत. हॉलमधून दोघा-तिघांनी खिडकीतून डोकावून बघितलं, एवढंच. मॅडम चिडून आत भांडायला निघाल्या, तेवढ्यात धाकलीनं टोपली फाटकाच्या कट्ट्यावर ठेवली आणि समोर होत्या त्या बाजारच्या बायांनाच सांगायला लागली.

"हा फेज. हा पण विषाणूच, पण माणसाला काही करत नाही. हा जिवाणू मारतो. सहा पायांनी जिवाणूवर बसतो, नळीतून आपला ऐवज आत सोडतो. मग जिवाणूच्या आत याचीच पिल्लं होतात आणि जिवाणू फुटतो. पण याला चालता येत नाही. वारा, पाणी, माणूस, कोणीतरी न्यावं लागतं. आज चार गावांनी नेला. हा कसला, ते एकानं पण विचारलं नाही. सगळ्यांनी पुढं ढकलला."

शेवटच्या गावची म्हातारी बायजी पुढं आली. सकाळी टोपली फाटकापर्यंत तिनंच डोक्यावर आणली होती. "जुलाबाचे किडे पण मारतो हा?"

"काही जातीचे फेज मारतात, आजी."

"म्हणजे आम्ही रोग घरात ठेवला आणि डॉक्टर हाकलला?" बायजीनं कपाळावर हात मारला. "दे इकडं. परत नेते. आमच्याकडे तिघं आजारी हायत."

"आजी, हा खरा नाही. बांबूचा आहे. खरा तर डोळ्याला दिसतच नाही. तुम्ही पाणी उकळून प्या, आणि त्या तिघांना आत्ता दवाखान्यात आणा."

बायजीनं फेजच्या पायाला बोट लावलं. बांबूच होता. तिनं पिल्लू सोडून पदराखाली घेतलं आणि तिघांना आणायला वळली. मग थांबली. साहेब अजून तिथंच, पंधरा पावलांवर, नाकाला रुमाल लावून उभे होते.

"खोटा हाय ना हा?" तिनं धाकलीला विचारलं.

"हो."

"मग त्या सायबाला सांग ना. मघापासून घाबरून उभा हाय."