लिंबाच्या टहाळ्याची आणि ढोबळे यांच्या नातीची हकीकत

॥ श्री ॥ वाचित्यास सुबुद्धी आणि ऐकत्यास आरोग्य असो. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभकृत नाम संवत्सरे, माघमासी या राज्यात जे वर्तमान वर्तले ते ऐसे. राज्य लहान, वेस एक, मारुती एक, चहाच्या टपऱ्या मात्र बहुत. गादीवर सरपंच अनुसयाबाई ढोबळे. राज्य बाईंचे, शिक्का बाईंचा, परंतु सभेत तोंड उघडावे ते त्यांचे यजमान तात्यासाहेब यांनी, ऐसी वहिवाट. बाईंनी सही करावी आणि तात्यासाहेबांनी भाषण करावे. तात्यासाहेब मनाचे थोर, मिशीचे त्याहून थोर, परंतु सुईचे नाव काढिले की ते विषय पालटीत, आणि आपले भय आपले न म्हणता "पोरांना उगा ताप येतो हो" ऐसे म्हणत. ते समयी त्यांची लेक रेणुका पहिल्या बाळंतपणास माहेरी होती आणि तीस कन्यारत्न जाहले होते, वय महिने चार. नावावरून सासरी एकमत होईना म्हणोन बारसे खोळंबले होते आणि सारे घर पोरीस नुसते बाळी म्हणे. तात्यासाहेबांचा तिजवर जीव की प्राण. सभा चालू असता बाळी रडली तर ठराव तसाच टाकून घरास पळत.

ऐशात मुलुखी गोवर उठला. पोरांचे डोळे लाल होत, नाके वाहत, ताप चढे आणि मग अंगभर पुरळ उठे. शेजारच्या गावी एक तान्हे लेकरू दगावले आणि साऱ्या मुलुखात घबराट उडाली. मग तालुक्याहून डॉक्टर वैजयंती कांबळी जीपगाडीत स्वार होऊन, नर्सबाई, आशाताई आणि बर्फातली लस भरलेली निळी पेटी ऐशी फौज घेऊन निघाल्या आणि टोचणीच्या आदले दिवशी सभेत येऊन बोलल्या, "तात्यासाहेब, तुमची बाळी फार लहान, तिला आत्ता टोचता येत नाही. पण भोवतालची पोरं टोचून घ्या, म्हणजे गोवर तिच्यापर्यंत पोचणारच नाही. सुरुवात तुमच्या घरून करू." तात्यासाहेबांचा नातू दिग्विजय, वय वर्षे चार, हे कानी पडताच घरी कणगीमागे दडला. तात्यासाहेबही दडले असते, परंतु मिशीची अडचण. ते म्हणाले, "बघू, विचार करू." या राज्यात याचा अर्थ नाही ऐसा होतो, हे सर्वांस ठाऊक.

आता या राज्याचा रिवाज ऐसा की ज्या घरी गोवर निघेल त्या घराने दारास कडुलिंबाचा टहाळा बांधावा, स्वयंपाकात फोडणी देऊ नये, आणि बाहेरगावच्या माणसास उंबऱ्याआत घेऊ नये. दुसरे दिवशी अनुसयाबाई तालुक्यास बैठकीकरिता गेल्या, आणि मग तात्यासाहेबांस युक्ती सुचली. त्यांनी स्वहस्ते भला थोरला टहाळा तोडून दारास बांधिला. फौज आली, टहाळा पाहिला, आणि डॉक्टरीणबाई "मुलाला बघू तरी द्या" म्हणाल्या, परंतु तात्यासाहेबांनी हात जोडून "गोवरबाईचा कोप होईल" ऐसे सांगून वाटेला लाविले. मग फौज मारुतीच्या पारावर तळ देऊन बसली आणि तात्यासाहेब मिशीस पीळ देत जेवावयास बसले. तो सुनेने टहाळा पाहून वरणास फोडणीच दिली नव्हती. तात्यासाहेबांवर बिनफोडणीच्या वरणाचा प्रसंग गुदरला. आणि बोलावे तर बिंग फुटते!

परंतु रिवाजाचा दुसरा भाग तात्यासाहेब विसरले होते. टहाळा दिसला की गावच्या सवाष्णींनी येऊन गोवरबाईची ओटी भरावी, दहीभाताचा नैवेद्य दाखवावा. आणि हे तर सरपंचांचे घर! दुपार कलताच खण, नारळ घेऊन, पोरेबाळे कडेवर मारून साऱ्या बाया लोटल्या. तात्यासाहेब दारात "या, या" म्हणत घामाघूम. त्यांत शकुंतला म्हणोन एक होती, तिचे पोर खोकत होते आणि डोळे लालबुंद. कोणी आवरावे तो ते पोर पाळण्यापाशी गेले आणि बाळीचा गालगुच्चा घेऊन मुका घेतला.

इतक्यात अनुसयाबाई परतल्या. टहाळा पाहिला, गर्दी पाहिली, विचारले, "कुणाला निघालाय गोवर?" तात्यासाहेबांनी दिग्विजयाकडे बोट केले. दिग्विजय त्या वेळी गूळपोळी खात पलंगावरून उड्या मारीत होता. बाईंनी त्या लाल डोळ्यांच्या पोराकडे पाहिले, आणि पाळण्याकडे पाहिले. मग उंबऱ्यावर उभ्या राहून, जन्मात प्रथमच, भाषण केले ते ऐसे: "बायांनो, माझ्या घरी गोवरबिवर काही नाही. आमच्या ह्यांना सुईची भीती वाटते, म्हणून टहाळा बांधलाय. जिच्या पोराला ताप असेल तिनं घरी बसायचं, ओटी मी दारात आणून देईन. बाकीच्यांनी पोरं घेऊन पारावर चला. पहिला आमचा दिग्विजय." ऐसे बोलून, तोवर पुन्हा कणगीमागे दडलेल्या नातवास ओढून काढिले आणि निघाल्या, आणि सारे राज्य मागोमाग.

शकुंतलेच्या पोरास गोवर निघाला आणि डॉक्टरीणबाईंच्या औषधाने उतरला. परंतु बाळीचे काय होते हे पंधरवडाभर सांगता येत नाही, ऐसे त्यांनी स्पष्ट सांगितले. मग तात्यासाहेब पाळण्यापाशी बसले ते उठेनात. घडोघडी कपाळास हात लावावा, आणि "माझ्या पापाचं माप हिच्या पदरी नको रे देवा" ऐसे पुटपुटावे. सुनेने आता फोडणी दिली तरी घास उतरेना. पंधरवडा सरला, बाळीस ताप आला नाही, खोकला नाही, उलट आजोबाच्या मिशीस लोंबकळू लागली. डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, "रेणुका, तुला लहानपणी टोचली होती का?" तात्यासाहेब वदले, "छे, आमच्या घरात नाही!" अनुसयाबाई म्हणाल्या, "टोचलीय." "कधी?" "तुम्ही बाजारात बैलांचे दात बघत होता तेव्हा. बांगड्या भरायला जाते म्हटलं आणि पोरीला दवाखान्यात नेली." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आईचं बळ लेकरात काही महिने उतरतं. पुरेलच असं नसतं, पण इथं त्यानंच निभावलेलं दिसतंय." तात्यासाहेबांनी उपरणे तोंडास लाविले आणि बहुत वेळ काढिले नाही.

पुढे गोवर हटला, बारसे जाहले, नाव मैथिली ठेविले. तात्यासाहेब भाषणास उठले, मग बाईंकडे पाहून "तूच बोल" म्हणाले आणि बसले. मैथिलीस नऊ महिने भरताच तिची सुई ठरली, आणि तात्यासाहेबांनी हट्टाने तीस आपल्याच मांडीवर धरिले, डोळे गच्च मिटून. पोर थोडकी रडली. आजोबा पुष्कळ रडले. इतकी ही हकीकत.