एक थेंबही सांडता कामा नये!

“मोजल्याशिवाय मी माझ्या सख्ख्या भावावरसुद्धा विश्वास ठेवत नाही!” असं निरीक्षकसाहेब छाती फुगवून सांगत. वजनमापांच्या खात्यात बावीस वर्षं काढलेला माणूस! बाजारात ते दिसले की दुकानदारांचे काटे आपोआप सरळ होत. असा माणूस आयुष्यातली पहिली गाडी घेणार, तीही सासूबाईंसाठी.

सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, घरी नेताना धक्का लागता कामा नये. “मी आपली अ‍ॅम्ब्युलन्सने येईन,” त्या म्हणाल्या. झालं! साहेबांच्या ते जिव्हारी लागलं. “आई, तुम्ही माझ्याच गाडीतून येणार. पोटातलं पाणी हलणार नाही, शब्द देतो!”

शब्द देऊन बसले आणि मग घोळ सुरू झाला. शोरूमवाला म्हणाला, “सर, कंपनीचं स्पोर्ट सस्पेन्शन घ्या. गाडी रस्त्याला चिकटून चालते.” मेव्हण्याचं स्वतःचं गॅरेज. तो उसळलाच. “भाऊजी, चिकटून चालायला ती काय पाल आहे? साधी गाडी घ्या, चांगल्या स्प्रिंगा बाहेरून आणून मी बसवतो. माझ्या गाडीला बसवल्यात, बघा बसून!”

“भांडू नका,” साहेब म्हणाले. “मोजू या.”

दोन्ही गाड्यांना हॉस्पिटल ते घर हा रस्ता तोच, पाच गतिरोधक तेच, वेगही तोच. मागच्या सीटवर, जिथे सासूबाई बसणार तिथे, बायकोला बसवलं. तिच्या हातात पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा ग्लास. तो आधी काट्यावर तोलला, वहीत आकडा लिहिला. जितकं पाणी सांडेल, तितका धक्का!

“नीट धर हं,” साहेबांनी बजावलं. “एक थेंबही सांडता कामा नये!”

“बरं,” बायको म्हणाली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. सांगितलेलं काम चोख करायची तिला सवय.

आधी शोरूमची स्पोर्ट गाडी, मग मेव्हण्याची. दोन्हीत गाडी चालवताना साहेबांचं स्वतःचं डोकं टपावर आपटता आपटता वाचलं. पण ग्लास तोलला तर वजन जसंच्या तसं! दोन्ही वेळा!

“भाऊजी, काटा बिघडलाय तुमचा,” मेव्हणा म्हणाला.

बोलायची गोष्ट आहे का ही? साहेबांचा काटा! ते दोन दिवस मेव्हण्याशी बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी कंपनीच्या स्पोर्ट सस्पेन्शनची गाडी घेऊन मोकळे झाले. दोन्ही सारख्याच, मग निदान वॉरंटी तरी मिळेल!

सासूबाईंना आणायचा दिवस उजाडला. त्या मागे पाय लांब करून बसल्या, बायको पुढे. पहिला गतिरोधक आला.

“अगं आई गं! जावईबापू, गाडी घेतलीत की खलबत्ता?”

“आई, मी मोजलंय!” साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी गाडी बाजूला घेतली, डिकीतून तोच ग्लास काढला, भरला आणि सासूबाईंच्या हातात दिला. “आता तुम्हीच बघा.”

दुसऱ्या गतिरोधकाला अख्खा ग्लास सासूबाईंच्या मांडीवर.

पदर पिळता पिळता त्यांनी विचारलं, “त्या दिवशी ग्लास कोणी धरला होता?”

“हिने.”

सासूबाई आधी हसल्या, मग खुबा धरून हसल्या. “अहो, ही अठरा वर्षं रक्ताच्या नळ्यांचे ट्रे घेऊन तीन मजले चढते-उतरते! हिच्या हातातलं भूकंपात तरी सांडेल का?”

“तुम्हीच म्हणालात सांडायचं नाही,” बायको म्हणाली. “मनगट चार दिवस दुखत होतं माझं.”

साहेब स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. बावीस वर्षं लोकांचे काटे तपासले, आणि घरचा काटा न तपासताच माप घेतलं! त्याहून जास्त त्यांना एक गोष्ट लागली. मनगट दुखत होतं, आणि विचारलंसुद्धा नाही आपण.

बायको मागे जाऊन बसली. आईचा पाय तिने मांडीवर घेतला आणि दोन्ही तळहात त्याखाली धरले. साहेबांनी गाडी मुंगीच्या पावलांनी काढली. उरलेल्या तीन गतिरोधकांत सासूबाईंनी हूं की चूं केलं नाही. साहेबांनी आरशात पाहिलं तर त्या चक्क घोरत होत्या.

फाटकाशी मेव्हणा उभाच होता. “काय भाऊजी, आईला आणलंत ते कुठल्या सस्पेन्शनवर? कंपनीच्या की बाहेरच्या?”

“घरच्या,” साहेब म्हणाले. मग हळूच म्हणाले, “सोमवारी गाडी तुझ्याकडे टाकतो, तुझ्या स्प्रिंगा बसव. पण पुन्हा मोजायचं हं! या वेळी ग्लास मी धरणार.”

सोमवारी नव्या स्प्रिंगा बसल्यावर ते मागच्या सीटवर बसले, ग्लास काठोकाठ भरला, श्वास रोखला. मेव्हण्याने अजून किल्लीसुद्धा फिरवली नव्हती, तेवढ्यात त्यांची अर्धी पँट भिजली!