हुंगण्याची नोंद

माणूस व्यसन सोडू शकतो, हे सर्वमान्य आहे. पण सोडल्याचा दाखला हातात पडेपर्यंत त्याने ते सोडलं असं म्हणता येत नाही. तोवर त्याने फक्त थोडी उसंत घेतलेली असते.

असा दाखला देणारं आमच्या भागातलं व्यसनमुक्ती केंद्र संध्याकाळी पाच ते सात चालतं. रुग्णाने यायचं, उपचार घ्यायचे आणि घरी परत जायचं. केंद्राच्या यशाचं प्रमाण एक्याण्णव टक्के आहे. मध्येच यायचे बंद झालेले रुग्ण बरे झाले असं तिथे धरतात. (बरे झाले नसते तर आले असते.) उरलेले नऊ टक्के नियमित येतात, त्यामुळे आकडा खराब करतात.

अशा नियमित येणाऱ्यांत एक क्रेनचालक होता. कारखान्याने त्याला स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं: नव्वद दिवस कोरडे राहा, दाखला आणा, क्रेन घ्या, एक्याण्णवाव्या दिवशी सकाळी दाखला नसेल तर जागा दुसऱ्याची. माणूस प्रामाणिक होता. पहिल्याच दिवशी "पितो, रोज पितो" म्हणाला, म्हणून त्याला 'उत्तम प्रगती' हा शेरा मिळाला.

अडचण सोबतीची होती. नियम सात सांगतो की प्रौढ रुग्णासोबत घरातलं माणूस हवं. बायको इस्पितळाच्या धुलाई विभागात दुपारपाळीला. राहिली सोळा वर्षांची मुलगी. पण नियम अकरा सांगतो की अठराखालच्या व्यक्तीला केंद्रात प्रवेश नाही, रुग्ण असल्यास गोष्ट वेगळी.

नोंदणी कारकून म्हणजे वाटेतला दगड नव्हे. नियम न मोडता माणूस आत घेण्यात त्याची हयात गेलेली. त्याने मुलीच्या नावाचा फॉर्म काढला.

"पण मला काही व्यसन नाही," मुलगी म्हणाली.

"सगळे तेच म्हणतात बाळ," कारकून म्हणाला आणि व्यसनाच्या रकान्यात 'निश्चित व्हायचे आहे' असं लिहिलं. किशोर रुग्णासोबत पालक लागतो, तिथे बापाची सही घेतली. अशा रीतीने लेकीने बापाला आणलं, बापाने लेकीला आणलं, आणि दोघं एकाच रिक्षातून उतरले.

पहिले तीन आठवडे मुलीची प्रकृती चिंताजनक होती. आपल्याला व्यसन नाही, हे तिने एकवीस वेळा सांगितलं. केंद्राच्या तक्त्यात याला 'तीव्र नकार' म्हणतात. बापाचा आलेख डोंगरासारखा चढत होता. हिची रेघ शून्यावर आडवी.

"तुझी रेघ हलतच नाही गं," समुपदेशक ताई काळजीने म्हणाल्या.

"कुठे जायचंय तिला?"

"असं नाही बोलायचं. आठव बरं नीट. एखादी तरी गोष्ट असेल, नको म्हटलं तरी होतेच."

मुलीने बराच वेळ नखाने खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन खरवडलं. मग म्हणाली, "आहे एक. दाराला किल्ली लागली की मी उठते. बाबा चपला काढायला वाकतात, तेव्हा जवळून जाते आणि वास घेते. आता कुणीही आलं तरी घेते. परवा गॅसवाल्याचा घेतला. शाळेत बाईंचा घेतला. तुमचाही घेतलाय ताई."

"माझा? मग?"

"पेपरमिंट. त्याच्याखाली सिगारेट."

ताईंनी अहवालात कबुलीचा फक्त पूर्वार्ध घेतला. (गोपनीयता रुग्णाइतकीच केंद्रालाही लागू आहे.) पण आनंद लपेना. रेघ हलली होती.

आता वर्गवारी. छापील यादीत दारू, तंबाखू, गोळ्या, मोबाइल असे चौदा प्रकार आहेत. वडिलांचा वास घेणे हा प्रकार नाही. कारकुनाने चष्मा पुसला, यादीवरून बोट फिरवलं आणि क्रमांक नऊवर थांबला: 'हुंगणे'. तिथे गोंद हुंगणारे दोघे आणि थिनर हुंगणारा एक रंगारी आधीच होते. हिची चौथी खुर्ची लागली. फॉर्मवर 'पदार्थ' असा रकाना होता. त्यात कारकुनाने सुवाच्य अक्षरात लिहिलं: वडील.

उपचार शास्त्रोक्त होता. एकदम बंद नाही, प्रमाण हळूहळू कमी करायचं. पहिल्या आठवड्यात दिवसाला सहा वास, दुसऱ्यात चार, पुढे दोन. घरी रोजचा तक्ता भरायचा आणि खाली पालकाने सही करायची. म्हणजे क्रेनचालक रोज जेवणाआधी एका कागदावर लिहून देऊ लागला की आज माझ्या मुलीने माझा वास इतक्या वेळा घेतला. सही करताना त्याचं पेन पुष्कळ वेळ हवेत राहायचं. (हा वेळ नोंदवायची तक्त्यात सोय नाही.)

चाळिसाव्या दिवशी केंद्राचं श्वास तपासायचं यंत्र बंद पडलं. दुरुस्तीचा अर्ज तीन प्रतींत गेला आणि जिथे असे अर्ज जातात तिथे सुखरूप पोचला. तोपर्यंत काय करायचं? कारकुनाच्या डोक्यात प्रकाश पडला. यंत्र शंभरातल्या एकोणतीस वेळा चुकायचं. या पोरीने मात्र रुग्णांतल्या एका शिंप्याची सकाळची दारू आणि कालची दारू वेगवेगळी ओळखून दाखवली होती. दाराशी स्टूल टाकलं गेलं.

"हळू घे गं श्वास," शिंपी आत येताना म्हणायचा, "परवाचंही बाहेर काढशील."

"परवाची रम होती काका."

"बघा. बायकोलासुद्धा बिअर वाटली होती."

याप्रमाणे मुलगी पाचला दाराशी बसून येणाऱ्या प्रत्येकाचा वास घ्यायची आणि सहाला आत जाऊन वास घेणं सोडायचे उपचार घ्यायची. यात काही विसंगती आहे असं केंद्राच्या लक्षात आलं नाही. दोन्हींची रजिस्टरं वेगळी आहेत.

नव्वदावा दिवस उजाडला. नेहमी दोघं जोडीने येत. त्या दिवशी मुलगी शाळेतून परस्पर पाचला आली आणि बाप सहाला यायचा ठरला. कारखान्यात दाखला दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा होता. दाखल्यावर सही डॉक्टरांची, आणि ते सातला खुर्चीतून उठतात. सातनंतर त्यांनी सही केल्याचं केंद्राच्या इतिहासात नाही.

सहा वाजले. सव्वासहा. साडेसहा.

"येईल, येईल," शिंपी म्हणाला. "रिक्षा मिळाली नसेल." हे तो अशा आवाजात म्हणाला की रंगाऱ्याने मान खाली घातली. ताई पेपरमिंट शोधू लागल्या. एकोणनव्वद दिवस ज्याची उदाहरणं दिली, त्याच्याबद्दल त्या खोलीतल्या प्रत्येकाने मनातल्या मनात निकाल लावून टाकला होता. अनुभवी माणसांचं हे असं असतं.

सात वाजायला वीस मिनिटं असताना क्रेनचालक आला. शर्ट घामाने चिकटलेला, डोळे लाल. कारकुनाने दाखला, शिक्का, पॅड असं सगळं मांडून ठेवलं होतं.

"घे गं बाळ, आटप."

मुलगी स्टुलावर बसून राहिली.

"नाही," ती म्हणाली. "मी सोडलंय."

"म्हणजे?"

"शनिवारपासून घेतलेला नाही. तक्ता बघा. आजही पाचपासून नुसतीच मान हलवत होते."

हे ऐकून त्या दिवशी आत सोडलेल्या दोघातिघांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. केंद्राचा एक रुग्ण पूर्ण बरा झाला होता, आणि तेही अगदी नको त्या वेळी. ताई तिच्याजवळ वाकल्या. "फक्त आजच्या दिवस," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर 'या वाक्यांपासून सावध' असा फलक आहे. हे वाक्य त्यात पहिलं आहे.

"पोरी, माझी नोकरी आहे गं," बाप हळूच म्हणाला. "घे एकदा. मी सांगतो ना."

"बाबा, तुम्ही त्यांना सांगा. मला नका हुंगायला लावू."

गडबड ऐकून डॉक्टर बाहेर आले. यंत्र बंद, नाक बंद. रकाना मात्र उघडा: 'चाचणीचा आधार'. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि नव्वद दिवसांत त्या इमारतीत कुणीच न विचारलेला प्रश्न विचारला.

"काय हो, घेतलीत का आज?"

"नाही."

"मग उशीर कसा?"

"कारखान्याच्या फाटकाशी उभा होतो. माझ्या क्रेनवर दुसरा बसवलाय. लोड उचलताना झटका देतो तो. बघत राहिलो."

डॉक्टरांनी मुलीकडे पाहिलं. "तुला काय वाटतं?"

"त्यांनी सांगितलं ना."

सात वाजायला तीन मिनिटं असताना सही झाली. आधाराच्या रकान्यात डॉक्टरांनी एकच शब्द लिहिला: 'सांगितले'. पुढे वरिष्ठ कार्यालयाने त्यावर हरकत घेतली, की असा आधार मान्य यादीत नाही. ती हरकत प्रलंबित आहे.

क्रेनचालक क्रेनवर आहे. संध्याकाळी दाराला किल्ली लागते, मुलगी वहीतून मान वर करते आणि पुन्हा भूमितीत घालते.

आता तुम्ही. गोष्ट संपली, नोकरी मिळाली, पोरगी सुटली. तरी तुमच्या मनात एक प्रश्न उरलाच आहे: त्या दिवशी तो खरंच प्यायला नव्हता ना? तो दारातून आत आला तेव्हा तुम्हीसुद्धा पानावर जरा पुढे झुकला होतात, ते मी पाहिलं. लाजायचं कारण नाही. क्रमांक नऊच्या गटात एक खुर्ची रिकामी झाली आहे.